पप्पांची बस गेममध्येही थांबते

गेम खेळणाऱ्या मंडळींनो, जरा मदत करा.

आमच्या पप्पांनी वर्षानुवर्षं धाटावच्या कंपनीची शिफ्टची बस चालवली. गुडघ्यांमुळे स्टिअरिंग सुटलं आणि माणूस गप्पच झाला. आज दुपारी रोह्याच्या घरी मी त्यांना टीव्हीवर बस चालवायचा गेम लावून दिला.

काय चालवली हो बस! वळणावर हॉर्न, आणि ब्रेक असा की उभ्या माणसालाही धक्का लागू नये. मी बघतच राहिले.

मग एका स्टॉपवर निघायची वेळ झाली. स्क्रीनवर लाल अक्षरं लुकलुकायला लागली, तरी पप्पा गाडी काढेनात. मागून गेममधली एक बाई धावत येत होती.

"पप्पा, निघा! पॉइंट जातायत!"

"ती धावत येतेय, दिसत नाय का गो तुला? सोडून गेलो तर तिचा कामावर खाडा पडंल."

बाई चढली. उशीर झाला म्हणून गेमने पप्पांना हरवलं. ते हसले, "पुन्हा लाव" म्हणाले, पुन्हा कोणासाठी तरी थांबले आणि पुन्हा हरले.

तर सांगा, धावत येणाऱ्यासाठी थांबणारा ड्रायव्हर जिंकतो, असा एखादा गेम आहे का?