साडूभाऊ सिस्टिमला जोडले तेव्हा

दुसऱ्याच्या चुकीवर माझ्या साडूंइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नाही, आणि मी उज्जैनचा असल्यामुळे माळव्याबाहेर शोधाशोध करायची मला गरज वाटत नाही. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. हे चुका जमवत. एकदा लग्नाला निघालो असताना रिक्षावाल्याने नानाखेड्याला वळायचं सोडून गाडी सरळ हाणली. मी "अरे भैया" म्हणायला तोंड उघडतो तोच साडूंनी माझा गुडघा दाबला. "थांबा हो साडूभाऊ, त्याचं त्याला कळू दे. त्यात गंमत आहे." त्याचं त्याला कळलं तेव्हा इंदूरचे दिवे दिसायला लागले होते. बायको म्हणते, एवढं काही नाही. पण अक्षता हुकल्या हे तिलाही कबूल आहे. रिक्षावाला ओशाळून "गलती हो गई, बाबूजी" म्हणाला, तर हे पुढे वाकून कौतुकाने विचारतात, "अच्छा, ये बताओ, किस मोड़ पर लगा कि सही जा रहे हो?"

बाजार खुला झाला आणि टावर चौकात कचोरीवाल्याच्या शेजारी कॉम्प्युटर जोडून देणारी दुकानं निघाली, तेव्हा साडूंनीही एक घरी आणला, त्याला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच खटपट करून एक प्रश्नमंजुषा रचली; ती मग कॉलेजच्या कॉम्प्युटरवरही चढवली. पडद्यावर केमिस्ट्रीचा प्रश्न यायचा. उत्तर बरोबर आलं तर मुकाट्याने पुढचा प्रश्न. चुकलं, की साक्षात साडूंचा आवाज: "अरे देवा! बेटा, कार्बन के पाँच हाथ कहाँ देखे? फिर से गिनो. जल्दी नहीं है." प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा शेरा, कारण कोणती चूक पोराच्या डोक्यात कुठून शिरते हे त्यांना तोंडपाठ होतं. हे शेरे त्यांनी बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गाद्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केले. तरी वायूच्या दाबाच्या प्रश्नाला मागून ताईंच्या, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींच्या, कुकरची शिट्टी आलीच. मुलांना वाटलं, काय कल्पकता आहे! त्या शिट्टीसाठी चांगली हुशार पोरं मुद्दाम चुकायची.

आता यात माझा संबंध कसा, ते सांगतो. मी विद्यापीठात इतिहास शिकवत असे. एकदा ऑफिसातला यूपीएस केकाटत होता, तो मी एक बटण दाबून गप्प केला. एवढ्या कर्तबगारीवर मला संगणक केंद्राचा प्रभारी नेमण्यात आलं. माझं काम मुख्यतः लोकांच्या चपला बाहेर काढून ठेवणं आणि मशीनवर मखमली आच्छादनं घालणं. अशात विद्यापीठाने एक मोठी सिस्टिम विकत घेतली. मुलांची नावं, विषय, धडे, हजेरी, गुण, सगळं तिच्या पोटात. मागोमाग फर्मान निघालं: सत्र संपल्यावर कॉलेजांच्या कॉम्प्युटरवर जे सिस्टिमला जोडलेलं असेल तेच राहील, बाकी पुसलं जाईल. आणि साडू नेमके त्याच सत्राअखेर रिटायर होणार होते.

ते माझ्याकडे आले. चपला न सांगता बाहेर काढल्या, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. म्हणाले, "साडूभाऊ, मी गेलो तर जाईन हो. पण मग पोरांना निवांत चुकू कोण देईल?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "जोडतो की! त्यात काय आहे?"

त्यात काय आहे हे मला आजही कळलेलं नाही. सिस्टिम बनवणाऱ्यांच्या माणसाने फोनवर समजावलं: सिस्टिम तुमच्या प्रोग्रामला मुलाचं नाव देईल, प्रोग्रामने काम झालं की सिस्टिमला गुणांचा आकडा परत द्यायचा.

"आकडा?" साडू फोनवर ओरडले. "हमारे यहाँ आकडा नहीं है, भाई. शेरा है!"

मी म्हटलं, "मग शेराच पाठवू." ही माझी सूचना. आकड्याच्या जागी 'कार्बन के पाँच हाथ' जाऊन बसले आणि सिस्टिमने जो आ वासला तो मिटेना. संस्कृत विभागाची हजेरीसुद्धा कार्बनच्या हातात अडकली. साडू मात्र खूश. माझ्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "अच्छा, असं करावंसं नेमकं कशावरून वाटलं हो तुम्हाला?"

शेवटी तोड त्यांनीच काढली. "जो शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचला त्याला समजलं. समजलं म्हणजे शंभर. अर्धं समजलं म्हणजे काय असतं?" जोडणी मी केली, असं मी आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात सर्वांना सांगत असतो. मी टेबलाखाली बॅटरी धरून होतो, तीही उलटी.

निकाल लागला आणि कुलसचिवांचं बोलावणं आलं. साहेब कडक; त्यांच्या केबिनमध्ये पंखासुद्धा परवानगी घेऊन फिरायचा. "सबको सौ में सौ? ये परीक्षा है कि परसाद? हटाइए इसे!"

साडू शांतपणे म्हणाले, "हटा देंगे, सर. पहले आप एक बार बैठ जाइए."

साहेब बसले. पहिल्याच प्रश्नाला मशीन म्हणालं, "अरे देवा! बेटा..." त्या माणसाला कित्येक वर्षांत कोणी बेटा म्हटलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. फायलीवाले दारातून परत गेले, चहा गार झाला. कुकरच्या प्रश्नावर तर शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. साडू मागे उभे राहून एक अक्षर सांगत नव्हते; मी कुजबुजायला गेलो तर माझा दंड दाबला. अखेर पडद्यावर शंभर उमटले, आणि साहेबांनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू कोणीतरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

"जुड़ा रहने दीजिए," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "पर वो सीटी किसकी थी?"

"घर का कुकर है, सर. उस दिन दाल थी."

साडू रिटायर झाले, पुण्याला लेकीकडे गेले. फोन करतो, पण आताशा त्यांचा आवाज फार बारीक झालाय, आणि दोन वाक्यांत ताई फोन काढून घेतात, ते दमतात म्हणून. मग मी दुपारी संगणक केंद्र उघडतो (किल्ली अजून माझ्याकडेच आहे), चपला बाहेर काढतो, आच्छादन दूर करतो आणि पहिला प्रश्न लावतो. तो जुना, भरघोस आवाज म्हणतो, "अरे देवा! बेटा, फिर से गिनो. जल्दी नहीं है." मीही घाई करत नाही. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम चुकतो, असं घरी सांगतो. खरं म्हणजे, मुद्दाम काही करावं लागत नाही.