सुमीला गाडीत बसवलं तो दिवस

"पप्पा, 'पॅक ऑफ' म्हणजे काय?" लेकीनं इंग्रजीच्या पुस्तकातून डोकं वर काढलं. "घाईघाईनं पाठवून देणं," मी म्हणालो आणि मनानं थेट कोल्हारच्या स्टँडवर जाऊन पोचलो.

त्या दिवशी राहात्याहून मुलीकडचे आमचं घर बघायला येणार होते. नव्या शर्टावर अत्तर चोपडून मी आरशासमोर हिरो झालो होतो, तेवढ्यात धाकटी बहीण सुमी नवऱ्याचा मार खाऊन दारात आली. ओठ सुजलेला. पाहुण्यांना काय सांगायचं? मी तिला तशीच स्टँडवर नेली आणि सासरी जाणाऱ्या नगरच्या एसटीत बसवली.

"दादा, राहू दे रं. मागं चुलीपाशी बसते, कुनाला दिसनार न्हाई."

"उद्या ये, सुमे. आज नको."

माझं लग्न जमलं. आता दर दिवाळीला मी हात जोडतो, "एक रात्र तरी राहा." सुमी हसते, माझ्या पोरांना ओवाळते आणि संध्याकाळची गाडी धरते.