रूळ तापला

एकोणीसशे त्रेसष्ट साल. मी बावीस वर्षांचा. वडनेर भोलजीचा, शिक्षण दुसरी नापास. पण पहार उचलण्यात नांदुऱ्यापासून शेगावापर्यंत मला जोड नव्हती. हे मी आजही सांगतो. रेल्वेलाइनीवर कच्चा, म्हणजे रोजंदारीचा, गँगमन म्हणून लागलो होतो. आमच्या गँगचा मुकादम म्हणजे मेट. त्याला सगळे मेटमामा म्हणायचे. सकाळी आला की माणसांना रामराम करण्याआधी तो वाकून रुळाला उलटा हात लावायचा.

लोखंड उन्हात वाढतं, म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवलेली असते. ती बुजली की खालची गिट्टी उकरायची नाही, नाहीतर रूळ सापासारखा वाकडा होतो. तसा कायदाच होता. माणसासाठी काही कायदा नव्हता. मेटमामा म्हणायचा, "लोखंडाले फट ठेवा लागते, मंग हाडामासाले काऊन नाही?"

पाणी तो हुकमाने पाजायचा, चिमूटभर मीठ टाकून. तहान नाही म्हटलं तर म्हणायचा, "तहान लागल्यावर त जनावर बी पेते."

त्या चैत्रात मी बहिणीच्या लग्नाला दहा दिवस गेलो. परत आलो तेव्हा दोन दिवस गारपीट होऊन आभाळ नुकतंच मोकळं झालं होतं. पहाटे घोंगडी लागली, आणि नऊ वाजता ऊन असं निघालं की डोळे उघडेनात. मामाने माझ्या हातात झेंडी दिली. लांब बाभळीखाली उभं राहून गाडीवर लक्ष ठेवायचं.

"झेंडी एखाद्या म्हाताऱ्याले द्या," मी म्हणालो. "मी काय बिमार आहो?"

"दहा दिस मांडवात बसून पोळ्या हाणल्या ना बे? तुह्यं अंग ऊन इसरलं. आन गारपिटीमागचं ऊन सावत्र असते. आठ दिस झेंडी धर."

सगळे हसले. मी झेंडी खाली टाकली आणि पहार उचलली. मामाने मीठपाण्याचा तांब्या पुढे केला, तोही मी घेतला नाही.

अकराच्या सुमारास घाम यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं. मग गिट्टी एकदम तोंडाजवळ आली.

शुद्ध आली तेव्हा मी लाइनीखालून पाणी जायच्या मोरीत होतो. गार दगडावर पाठ, छातीवर ओला दुपट्टा. वर बुटांचा आवाज आला. आमचा साहेब तपासणीला आला होता. कच्चा माणूस पडला की त्याचं नाव कटायचं, हे मला माहीत होतं. मी श्वास धरून पडलो.

"काम का बंद आहे?"

"रूळ तापला, साहेब," मामाचा आवाज.

"फट तर दिसते."

"आता दिसते. गिट्टी उकरल्यावर नाही दिसनार."

साहेब गिट्टीवरून चार पावलं फिरला. मग म्हणाला, "एक माणूस कमी दिसतो."

"पान्याले गेला."

वीस वर्षं डाग नसलेल्या मामाच्या नावावर त्या दिवशी काम बंद ठेवलं म्हणून कामचुकारपणाचा शेरा बसला. माझं नाव राहिलं. पुढे मी पक्का झालो, मेट झालो. सुटीवरून आलेल्याला आठ दिवस झेंडी, हा नियम मी कोणत्याही साहेबाला न विचारता चालवला. माझ्या हाताखाली एकही माणूस उन्हाने गेला नाही. आता तर ऊन-गारठ्याला धरबंधच उरला नाही. मामा असता तर रुळाला दिवसातून दहादा हात लावला असता.

तो गेला तेव्हा खांदा मी दिला. पण आभार तोंडाने कधी मानले नाहीत. ते मला जमत नाही. जे काय मानले ते मी उन्हात पडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्यांच्या आधी लाइनीवर पोचलो. तांब्याभर मीठपाणी उभ्यानेच प्यालो. पहारीकडे पाहिलं नाही. झेंडी उचलली आणि कोणी सांगायच्या आत बाभळीकडे चालू लागलो.