विटांवरून आंबिवली

धाकट्या बहिणीच्या, वसूच्या, नवऱ्याची स्पोर्टस् कार मी दीड वर्ष चालवली. तेवढ्या काळात ती गॅरेजच्या बाहेर एकदाही गेली नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट चाललेला. मी ठाण्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो, आणि बायको मंगल नि मी बाळकुमला हिराबाईंच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. शेजारी एक गॅरेज होतं. हिराबाईंचे यजमान त्यात मासळीचा टेम्पो ठेवायचे. यजमान गेले, टेम्पो विकला गेला, वास तेवढा मागे राहिला.

एका रविवारी बहिणीचे यजमान जयंतराव लाल रंगाची, दोनच सीटांची, पोट जमिनीला टेकेल की काय अशी परदेशी गाडी घेऊन दारात हजर झाले. जयंतराव बोटीवर इंजिनिअर. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परत चाललेला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतलेली. डोंबिवलीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये सायकल ठेवण्यावरून भांडणं व्हायची, तिथे ही कुठे ठेवणार? शिवाय आठवड्याने त्यांना बोटीवर जायचं होतं.

"दादा, तुमच्या गॅरेजमध्ये ठेवू का? फक्त दर रविवारी कल्याणपर्यंत नेऊन आणायची. असली गाडी उभी राहिली की बिघडते. तुम्हाला चालवता येते ना?"

आता, वसूला बघायला जयंतराव आले तेव्हा मी थोरला भाऊ म्हणून त्यांची तासभर उलटतपासणी घेतलेली. (त्यातले तीन प्रश्न 'पोहता येतं का' या विषयावर होते.) अशा माणसासमोर 'येत नाही' कसं म्हणणार?

"येते की," मी म्हणालो. "त्यात काय."

मंगलने माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. मला स्कूटरसुद्धा येत नाही हे तिला ठाऊक होतं.

जयंतरावांनी गाडी उलटी घेऊन, तोंड रस्त्याकडे करून गॅरेजमध्ये लावली. किल्ली, चोक, क्लच, गिअर, सगळं समजावून सांगितलं. "आणि अगदीच महिनाभर जमणार नसलं, तर जॅक लावून मागची चाकं उचला आणि आसाखाली विटा रचून चाकं अधांतरी ठेवा. टायर बसत नाहीत."

ते गेले त्याच दिवशी मी विटा आणल्या.

पुढचे पाच रविवार मी फक्त गॅरेजचा दरवाजा उघडायचो, गाडी सुरू करायचो, दहा मिनिटांनी बंद करायचो. मग जयंतरावांना पत्र लिहिलं: 'गाडी उत्तम. काल कल्याणपर्यंत नेली. पळते छान.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'वा दादा. मीटर किती झाला ते कळवा, त्यावर ऑइल बदलायचं ठरवू.'

मीटर जिथल्या तिथे होता. तो रविवारभर मी गाडीत नुसता बसून राहिलो. मग अस्वस्थपणे क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. मागची चाकं हवेत गरगर फिरायला लागली आणि मीटरचा शेवटचा आकडा हळूच सरकला.

मी ओरडलोच, "मंगल, गाडी चालतेय!"

ती पोळपाट तसाच टाकून आली. चाकं फिरत होती, गाडी जागेवर होती, नवरा स्टिअरिंग धरून ताठ बसलेला होता.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"कल्याणला."

"मग परत कधी?"

"सव्वा तासात."

सुरुवातीला ती हसायची. महिन्याभरात शेजारच्या सीटवर येऊन बसायला लागली. एरवी रविवारी तिला तासभर बसायला कुठे मिळायचं? ती विणकाम घ्यायची, डब्यात चिवडा घ्यायची. मी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा गिअर झोकात टाकायचो. एकदा म्हणाली, "आज ठाकुर्लीला घ्या, मावशीला भेटून येऊ." मी तेवढे किलोमीटर मोजून भरले. उतरताना म्हणाली, "मावशी घरी नव्हती वाटतं."

गॅरेजचा दरवाजा धुरासाठी सताड उघडा ठेवावा लागायचा. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे हिराबाईंचं अंगण, तिथे बांबूंवर जाळी वाळत घातलेली आणि मागे खाडी. हिराबाई सुकट निवडता निवडता आमच्याकडे बघत बसायच्या. कधी काही बोलल्या नाहीत. मास्तर लोकांचं असंच असतं, अशी त्यांची समजूत झाली असावी.

इकडे माझी पत्रं लांबत चाललेली. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला रस्ता लिहायला जागेवरून हलावं लागत नाही. कशेळीचा पूल, कोनचा नाका, दुर्गाडीखालचा वारा, सगळं मी लिहिलं. एका पत्रात तर मी आंबिवलीपर्यंत गेलो. स्टेशनबाहेर चिंचेखाली एक म्हातारा वडे तळतो, लसणीची चटणी वाटून देतो, पातळ नाही, चांगली रवाळ, असं दीड पान लिहिलं. आंबिवली मी आगगाडीच्या खिडकीतून एकदाच बघितलेली.

जयंतरावांचं उत्तर आलं: 'दादा, पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आमचा कॅप्टन केरळचा, त्याला वड्याचा भाग भाषांतर करून दोनदा सांगावा लागला.'

मग तार आली. शनिवारी ते येणार.

मी विटा काढल्या, गाडी पुसली, धूळ झटकली. जयंतराव वसूला घेऊन सकाळीच आले. आधी मीटर बघितला आणि माझा हात हातात घेतला. "मानलं दादा तुम्हाला." मला फार बरं वाटलं. एवढ्यावर भागायला हरकत नव्हती.

"आता तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो. आंबिवलीला जाऊ, वडे खाऊ. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही."

"आज जरा कंबर धरलीय," मी म्हणालो.

"गाडीत बसलं की तुमची कंबर मोकळी होते," मंगल म्हणाली. "न्या ना. दर रविवारी नेता की."

मी बसलो. खरं सांगायचं तर भीती थोडीशीच होती. दीड वर्षाचा सराव होता. किल्ली फिरवली, क्लच दाबला, पहिला टाकला, क्लच असा अलगद सोडला की जयंतराव "वा" म्हणाले. लगेच दुसरा. गाडी गॅरेजमधून बाहेर पडली, आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की या दीड वर्षात मी दोन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. एक म्हणजे स्टिअरिंग फिरवणं. दुसरी म्हणजे ब्रेक.

"दादा, वळवा," जयंतराव म्हणाले.

मी सवयीने तिसरा गिअर टाकला.

रस्ता आडवा आला तसा मागे गेला. सुकटीचं सूप उडालं. हिराबाई पाटावरून उठून बाजूला झाल्या, इतक्या शांतपणे, की जणू हे कधीतरी होणार हे त्यांना ठाऊकच होतं. बांबू मोडले, जाळं वरून पडलं, चाकांत गुंडाळलं गेलं आणि गाडी खाडीच्या चिखलापासून चार हातांवर आचके देऊन बंद पडली. समोरच्या काचेवर सुकट चिकटलेली. आम्ही दोघं जाळ्याच्या आत.

हिराबाई जवळ आल्या, वाकून आत बघितलं आणि जयंतरावांना म्हणाल्या, "पावनं, मास्तर दीर वरीस इटांवर बसून गारी चालवतान. आज पयल्यांदा भायेर निंगाले, न सीधे माझे जाल्यान."

जयंतराव माझ्याकडे वळले. "म्हणजे कल्याण?"

"नाही."

"दुर्गाडी?"

"नाही."

 बंपर वाकलेला, रंगावर बांबूचा हातभर ओरखडा. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. थोरलेपण दीड वर्ष कसंबसं टिकवलेलं, ते आता सुकटीत पडलेलं.

"आणि तो वडेवाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोही नाही, जयंतराव."

"चटणी?"

मी मान खाली घातली. गाडीच्या ओरखड्याने झालं नव्हतं तेवढं तोंड त्यांचं त्या चटणीने उतरलं. "बोटीवर कंटाळा आला की ते पत्र काढून वाचायचो हो मी," ते म्हणाले. वसू काठावर उभी राहून मला नको नको ते बोलत होती, पण मला ऐकू आलं ते हे एवढंच.

हिराबाईंनी कोयता आणला आणि जाळं कापून आम्हाला सोडवलं. नवं जाळं विणायला पुढचे कित्येक रविवार त्यांनी मला अंगणात बसवलं, आणि माझ्या गाठी बघून दर वेळी शेजारणींना बोलावलं. पण ते नंतरचं.

त्या दुपारी जयंतरावांनी बंपर हातानेच जरा सरळ केला, काच पुसली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "चला दादा."

"कुठे?"

"आंबिवलीला. स्टेशन आहे म्हटल्यावर कोणीतरी वडे तळत असेलच."

 मी शेजारी बसलो. जयंतरावांनी सफाईने वळण घेतलं, गाडी रस्त्याला लागली, वारा आत आला. कशेळीचा पूल यायच्या आत मी त्यांच्या हाताला हात लावला.

"जयंतराव, जरा बाजूला घेता का? मला मळमळतंय."

"एवढ्यात?"

"हो," मी म्हणालो. "मला चालत्या गाडीची सवय नाही."