कढईची दोन टोकं

थकले होते, साधं सांगते. तीन वर्षं एकाच भिंतीवर डोकं आपटून माणूस दुसरं काय होणार?

फ्यूजनच्या अणुभट्टीत सूर्याहून तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात. तरी त्याच्या कडेनं उष्णता निसटतेच आणि तळाच्या टंगस्टनच्या भिंतीवर एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊन आदळते. तिथं भिंत टिकेल की वितळेल, हे कॉम्प्युटरवर मांडून बघायचं माझं काम. आई गेल्यापासून अप्पा एकटे, म्हणून उदगीरला घरी बसूनच करत होते. अप्पांची फुटाण्यांची भट्टी आहे.

माझं उत्तर आलं होतं: उष्णतेचा झोत सतत इकडून तिकडं फिरवत ठेवला, तर भिंत टिकते. आमच्या प्रकल्पाचे सर खूश. मंगळवारच्या बैठकीत याच उत्तरावर माझी नोकरी वर्षभर वाढणार होती. अप्पांनी तर सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळात फुटाणे वाटले. "आमच्या बाईची भिंत टिकली हो!"

सोमवारी भट्टी बंद असते. दुपारी अप्पा बाद झालेली कढई उतरवत होते. तळाला दोन भोकं, समोरासमोरच्या दोन्ही टोकांना. मधला पत्रा धडधाकट. मी सहज विचारलं, असं कसं?

"भाजताना सळईनं कान धरून कढई इकडून तिकडं फिरवतो न्हाई का मी? परत वळवताना टोकाला हात जरा दम घेतो. जाळ थोडाच दम घेतोय?"

झोताची उष्णता मी माझ्या गणितात सगळीकडं सारखी वाटून टाकली होती. अगं बाई, तो झोतही टोकाला जाऊन मंदावतो, थांबतो, मग वळतो! लहानपणापासून या भट्टीपाशी बसलेली मी. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

संध्याकाळपर्यंत पुन्हा मांडून बघितलं. मध्ये भिंत ठणठणीत, दोन्ही टोकं वितळलेली. मेलं ते काम! उद्याची बैठक होईस्तोवर गप्प बसावं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? कुणाला कळणार होतं? रागानं रडले. मग सरांना फोन लावला.

ते म्हणाले, "बरं झालं, आत्ता सांगितलंस." नोकरीचं विचारलं तर म्हणाले, "बघू." आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते मला कळतं.

अप्पा अंगणात नवी कढई घासत होते. त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"अप्पा, भिंत न्हाई टिकली. आणि तुम्ही सगळ्या देवळाला सांगून आलात. लई लाज वाटायलीय मला."

त्यांनी हात थांबवला. बाजूला पडलेल्या जुन्या कढईकडं बघितलं.

"मग पुढल्या सोमवारी परत फुटाणे वाटतो," ते म्हणाले. "सांगतो, भोक पडायच्या आधी बाईला दिसलं. मला तर जन्मभर पडल्यावरच दिसलं."