शालूबाईंचं ‘हाय’

कडेगावाजवळच्या शालूबाई यंत्राला भिणाऱ्या नव्हेत. नवरा पलटणीत असताना विहिरीवरचं इंजिन त्याच हँडल मारून सुरू करायच्या. गावात ठिबक सिंचन पहिल्यांदा पसरलं तेही त्यांच्याच रानात. तेव्हा म्हातारीला नवं काही सोसत नाही असं कुणी म्हणणार असेल, तर त्यानं आधी तोंड सांभाळावं.

यंदा कारखान्यानं ऊसतोडीच्या नोंदीला माणसांऐवजी बोलणारं यंत्र बसवलं. त्याचा फोन आला.

“आपला ऊस शेतात उभा आहे का?”

“हाय,” शालूबाई म्हणाल्या.

“नमस्कार! मी आपली काय मदत करू?”

“मदत नगं. ऊस हाय.”

“नमस्कार! मी आपली काय मदत करू?”

शहाण्या यंत्राला ‘हाय’ म्हणजे इंग्रजीतला रामराम, एवढंच शिकवलेलं. आठवड्यानं यादी लागली. गावातल्या अकरा जणांच्या नावापुढं ‘ऊस शिल्लक नाही’. त्यात शालूबाई. इकडं त्यांच्या दोन एकरांत उसाला तुरे आलेले, वजन रोज घटत होतं.

“आत्याबाई, एकदा ‘आहे’ म्हणा की,” सून दीपमाला म्हणाली. “काय बिघडतंय?”

“लढाईतनं ह्ये जखमी झाल्याची तार आली तवा सासूनं इचारलं, माझा ल्योक हाय का गं? मी म्हनलं, हाय. त्येच तोंड आता त्या डबड्यासाठी बदलू व्हय?”

दुसऱ्या दिवशी तुऱ्यासकट एक ऊस खांद्यावर टाकून त्या एसटीनं कारखान्याच्या गट ऑफिसात गेल्या. शेती अधिकारी धैर्यशील मूळचा जवळच्याच पलूसचा, पण खुर्चीत बसला की पुस्तकातलं बोलायचा.

“मावशी, सिस्टीम चुकत नाही. आपल्याला उच्चार सुधारावे लागतील.”

शालूबाईंचं डोकं सणकलं. त्यांनी ऊस त्याच्या टेबलावर आडवा टाकला. “लाव फोन तुझ्या सिस्टीमला. मोठ्यानं लाव.”

त्यानं लावला. यंत्रानं ठरलेला प्रश्न विचारला.

“आता तूच सांग,” शालूबाई म्हणाल्या. “घरी आईसंगं बोलतोस तसं. ह्यो काय हाय?”

धैर्यशील वैतागला. “आवं, ऊस हाय की!”

“नमस्कार! मी आपली काय मदत करू?”

सगळं ऑफिस खो खो हसलं. धैर्यशीलचे कान लाल झाले. त्यानं वही ओढली आणि शालूबाईंचं नाव हातानं लिहिलं.

“झालं, मावशी. या आता.”

शालूबाईंनी समोरची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

“अजून धा जण ऱ्हायल्यात. लिव. मी हाय हितं.”