त्यांना सांग, कूलर बंद करू नका

मला विजेचं बिल वाचायला शिकवलं ते आमच्या घरमालकिणीच्या थोरल्या दिरांनी. काय घडलं ते पुढे सांगते, पण नाव आधी त्यांचं घ्यायला हवं. आणि खरं नाव घेतलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून सगळी गल्ली म्हणते तसं मीही काकाजीच म्हणते. जुन्या जालन्यात सूर्य उगवतो तोसुद्धा काकाजींनी गच्चीवरचा दिवा विझवल्याशिवाय उगवत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. देवाने उजेड निर्माण केला, हे त्यांना मान्य. पण तो वापरून झाल्यावर बटण बंद करायचं काम देवाने आपल्यावर सोपवलं आहे, अशी त्यांची समजूत होती आणि आहे.

काकाजींचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. काकाजींनी लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं धान्याच्या आडतीवर काट्याशेजारी बसून काढली. काटा सुटला तरी तोलण्याची सवय सुटली नाही, आता ते माणसं वॅटमध्ये तोलतात, फक्त म्हणतात 'वाट'. समोरच्या कापडदुकानदाराबद्दल म्हणतात, "आवाज शंभर वाटचा, उजेड नऊ वाटचा." त्याच दुकानात रिकामा फिरणारा पंखा दिसला की आत जाऊन तो बंद करतात, मग कोपऱ्यात साडी बघत बसलेलं गिऱ्हाईक घामाघूम होऊन बाहेर येतं. लग्नाच्या पंगतीत त्यांना जेवण जात नाही. वर झुंबर बघत बसतात आणि शेजारच्याला विचारतात, "हे खाऊन राह्यलंय किती, माहीत हाय का?" शेजारच्याला वाटतं, व्याह्यांबद्दल विचारतायत. मी एकदा घरमालकिणीच्या फ्रिजसमोर दार उघडून कोथिंबीर शोधत उभी होते, तर मागून आवाज आला, "बेटा, फ्रिज उघडून विचार करू नको. विचार करून फ्रिज उघड." आणि स्वतःच्या खोलीतून पाणी प्यायला जरी उठले तरी पंखा, दिवा, कूलर सगळं बंद करून उठणार. रिकाम्या खोलीत कूलर म्हणजे त्यांच्या लेखी पाप. या घराचं बिल गल्लीत सगळ्यात कमी येतं, याचा त्यांना इतका अभिमान, की बिल आलं की ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे.

काकीजी म्हणजे आमची घरमालकीण. मालक वारलेले, मुलं पुण्याला. त्या मोठ्या घरात हे दीर-भावजय दोघंच. त्यांच्यातल्या जुन्या रीतीप्रमाणे थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही. साठी उलटली तरी काकीजींनी हा नेम मोडला नव्हता. आम्ही राहायला येण्याआधी त्या भिंतीला सांगत, "चहा ठेवलाय बरं का," आणि भिंतीपलीकडून काकाजी खोकून पोच देत. मी आले आणि भिंतीची सुटका झाली. चहा दोघांच्या मध्ये, मी चहाच्या मध्ये. "त्यांना सांग, निवून राह्यलाय." "तिला सांग, निवलेलाच चांगला, फुंकायचा त्रास न्हाई." दोघांना सगळं ऐकू जात असायचं, तरी मी दोन्हीकडचं पुन्हा सांगितल्याशिवाय कुणी कप उचलायचं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. माहेर-सासर दोन्ही चंद्रपूरच्याही पलीकडे. नवऱ्याला इथल्या सळयांच्या कारखान्यात काम लागलं आणि दिवाळीनंतर आम्ही इथे आलो. काकाजींच्या मोठ्या खोलीत मधोमध भिंत घालून काकीजींनी आम्हाला अर्धी खोली काढून दिली, मीटरही वेगळं घेऊन दिलं. मी सातवीतच शाळा सोडलेली. शिवण तेवढं येतं. मोटर लावलेलं मशीन हीच माझी शाळा, हीच नोकरी, आणि खरं सांगायचं तर या परक्या गावात माझी हीच एक ओळख. गल्लीतल्या बायका मला नावाने नाही, "ब्लाऊजवाली" म्हणून ओळखायच्या.

होळी झाली, लग्नसराई लागली, ब्लाऊजांचे ढीग आले आणि बिल एकदम दुपटीच्या वर गेलं. पुढच्या महिन्यात आणखी वर. सगळ्यांनी एकमुखाने मशीनकडे बोट दाखवलं. गल्लीतल्या बायकांनी सांगितलं, शंभर युनिट ओलांडले की मागचेसुद्धा सगळे महाग होतात. मी इतकी घाबरले की महिन्याचे युनिट शंभराजवळ आले की मशीनवर कापड टाकून स्वस्थ बसायची आणि आलेली गिऱ्हाइकं परत पाठवायची. तरी बिल कमी होईना. शेवटी नवरा खाली बघत म्हणाला, "मशीन विकून टाकू. नाही तं तू काही दिवस गावाले जाऊन राह्य. हे आपल्याले झेपत नाही." तो चिडला असता तर मी भांडले असते. पण तो थकून बोलला.

मी रडवेली होऊन ते बिल घेऊन काकाजींकडे गेले. त्यांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता; आपणहून बिल घेऊन आलेलं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. बिलावर सगळीकडे आकारच आकार: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. मी विचारलं, "काकाजी, हे आकार कसे असतात? गोल का चौकोनी?" दुसरा कुणी हसला असता. काकाजी थोडा वेळ खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "आकार म्हणजे आकारणी, बेटा. आडतीवर कसं असतंय? दुकान उघडं ठेव का बंद, भाडं चालूच, तो स्थिर आकार. मालाचा भाव, तो वीज आकार. आन् माल तुझ्या दारात आणून टाकला त्याची हमाली, तो वहन आकार. युनिट म्हणजे आपला किलो. हजार वाटची इस्त्री एक तास चालली, की एक युनिट तोललं." शंभराच्या भीतीवर तर ते चिडलेच. "कोण म्हणलं मागचे महाग होतात? जिना हाय तो. पयल्या शंभराला पयल्या पायरीचा भाव. एकशे एकावं युनिट वरच्या पायरीवर चढलं, म्हणून खालचे शंभर उठून वर जात न्हाईत. बिलकुल न्हाई. उगाच गिऱ्हाईक वापस केलं तू!"

मग त्यांनी मशीनच्या मोटरवरची पट्टी वाचली. "शंभर वाट. दहा तास चालव, तवा कुठं एक युनिट. ही तर मुंगी हाय. मुंगी पोतं खात नसती." मला धीर आला. बोळात मीटरखाली उभं राहून त्यांनी पंचनामा सुरू केला. आमच्या खोलीतली सगळी बटणं बंद करायला लावली. वीज जळत असली की लुकलुकणारा मीटरवरचा लाल दिवा थांबला. "बघ, मीटर इमानदार हाय." मग बोटांवर पुन्हा हिशेब केला. "हिशेब म्हणतो मशीन बेगुनाह. मीटर म्हणतं युनिट तर जळलं. दोघं खोटं बोलत न्हाईत. मंग मीच कुठं तरी चुकून राह्यलो." आणि डोकं शांत करायला आपल्या खोलीत जाऊन बसले.

मी तिथेच उभी. आता मशीन जाणार, हेच डोक्यात. तेवढ्यात लाल दिवा लुकलुकायला लागला. भराभर. मी ओरडले, "काकाजी, चालू झालं!" ते लगबगीने बाहेर आले. दिवा गप्प. "भास झाला तुला," म्हणत ते आत गेले. दिवा पुन्हा सुरू. मी पुन्हा हाक मारली, ते पुन्हा आले, आणि तो मेला दिवा पुन्हा सज्जनासारखा शांत. काकाजी माझ्याकडे काळजीने बघायला लागले. "बेटा, सकाळी जेवली होती ना तू?"

काकीजी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत हा तमाशा बघत होत्या. हातातली जुडी बाजूला ठेवून शांतपणे म्हणाल्या, "त्यांना सांग, येताना कूलर बंद करू नका."

मी सांगितलं. काकाजी आत गेले, कूलर लावला, आणि जन्मात पहिल्यांदा तो चालू ठेवून बाहेर आले. माझ्या मीटरचा दिवा लुकलुकत होता. मधली भिंत नवी, पण वायर जुनीच. काकाजींच्या खोलीचं सगळं बोर्ड माझ्या मीटरवर राहिलं होतं. होळीपासून त्यांचा कूलर दिवसभर मी चालवत होते, आणि ते ज्या शिस्तीने बटण बंद करत, त्या शिस्तीनेच चोर लपवला होता. मला हसूही येईना आणि रडूही. काकाजी मात्र सरळ ओट्यावर गेले आणि कापडदुकानदारासकट सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चोर सापडला! मी हाय." संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा त्यालाही हात जोडून तेच सांगितलं. नवरा संकोचला. आत येऊन त्याने मशीनवरचं कापड काढलं आणि मशीनला तेल घालायला बसला.

पण वायर बदलायला वायरमन मिळेना. सगळे मांडवांच्या रोषणाईत अडकलेले. तोवर काकाजी कूलर लावायला तयार होईनात, पंखासुद्धा नाही. मे महिन्यातलं जालना, आणि हा म्हातारा हातात पुठ्ठा घेऊन वारा घेत बसलेला. मी विनवलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या मापात हात घालणारा माणूस न्हाई मी." काकीजींचे निरोप मी नेत होते. "त्यांना सांग, बिल मी भरते." "तिला सांग, सवाल बिलाचा न्हाई." "त्यांना सांग, जीव घाबरा होईल." "तिला सांग, न्हाई होत."

एका दुपारी निरोप न्यायला मी उठले, तर काकीजींनी मला हाताने थांबवलं. स्वतः त्यांच्या दारापर्यंत गेल्या, पदर पुढे ओढला आणि सरळ बोलल्या, "कूलर लावा. तुम्हाला काही झालं तर मी मंग कोणाला निरोप पाठवू?"

काकाजींच्या हातातला पुठ्ठा थांबला. सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तिला सांग..." आणि तिथेच अडले. मग मान खाली घालून भावजयीला म्हणाले, "बरं." आणि बटण दाबलं. बोळात माझ्या मीटरचा दिवा लुकलुकायला लागला. त्या दिवशी तो मला फार सुंदर दिसला.

आता वायर वेगळी झाली आहे. काकीजींनी ते जास्तीचे पैसे भाड्यातून वळते केले. मशीन रोज चालतं आणि कुठलंही बिल मला परकं वाटत नाही. निरोपही पुन्हा माझ्याच हातून जातात, जणू त्या दुपारी काही घडलंच नाही. काकाजींची नजर मात्र मंदावली आहे. आकडे दिसत नाहीत, म्हणून मी मीटर वाचून दाखवते आणि ते डोळे मिटून ऐकतात. कधी कधी खोलीतून उठताना बटणही विसरतात. तेव्हा मला कसंसंच होतं. मी हळूच जाऊन ते बंद करते आणि त्यांना सांगत नाही.

काकाजी, एक दिवस माझं स्वतःचं घर होईल, मीटर माझ्या नावावर असेल. त्या घरात सगळ्यात आधी कूलर येईल, आणि त्याच्यासमोरची खुर्ची तुमची. तुम्ही निवांत बसायचं, पाहिजे तेव्हा उठून जायचं. मागे काय चालू राहिलं ते बघायचं नाही. ते मी बघेन.